कालव्यावरचा खोटा मासा

बटाटा माशासारखा दिसेल असा तळून द्याल का, हे इंग्रजीत सभ्यपणे कसं विचारायचं, याची तालीम सतीश गोगटेने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तीनदा केली आणि मग फोन लावला. तालमीत सगळं छान जमलं होतं.

"म्हणजे तुम्हाला शाकाहारी मेन्यू हवाय, सर?" पलीकडून कीथ म्हणाला. मँचेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या एका कालव्यात कीथची लांबलचक बोट होती आणि त्या बोटीवर तो मासळीचं रेस्टॉरंट चालवायचा. आपण बोटीत बसायचं, बोट कालव्यातून हळूहळू जाणार आणि तेवढ्यात आपण जेवायचं, असा एकूण प्रकार.

"नाही नाही. शाकाहारी दिसता कामा नये."

"पण असायला हवं?"

"हो."

"आणि दिसायला मासा."

"तळलेला. शक्यतो जाड तुकडीसारखा."

"कुणाला दिसायला हवा, सर?"

"माझ्या सासऱ्यांना."

"ते शाकाहारी आहेत का?"

"नाही हो. त्यांचा उभा जन्म होडीत गेलाय."

"बरं," कीथ म्हणाला. इंग्रज माणूस लिहून घेतो पण समजून घ्यायचं सोडून देतो, तेव्हा तो ज्या सुरात बरं म्हणतो, तोच हा सूर. "आम्ही फिशकेक करतो. त्यातला फिश काढून टाकू. केक राहील."

सतीशने कपाळावरचा घाम पुसला. सांगलीच्या गोगट्यांच्या घरातल्या, अंडंसुद्धा परसात उकडायची पद्धत असलेल्या माणसावर ही वेळ का यावी? तर एका शब्दापायी. लग्न ठरत होतं तेव्हा नीनाच्या वडिलांनी, सुभाषराव तांडेलांनी, ना पगार विचारला ना पत्रिका मागितली. बंदर खात्याची लाँच चालवणारे सारंग म्हणून मालवणात तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न टाकला, "मासे खातास मां?" सतीशने दाराआडच्या नीनाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, आवडीने." नुसतं 'हो' म्हणून भागलं असतं. 'आवडीने' नडलं.

सासूबाईंनी, म्हणजे अरुणाबाईंनी, पहिल्याच जेवणात त्याचा चेहरा पाहून सगळं ओळखलं आणि त्याची अब्रू झाकली. नवऱ्याच्या ताटात सुरमई आणि जावयाच्या ताटात सुरणाची कापं. दोन्हींना तोच मसाला, तोच रवा, तोच तांबूस रंग. "जावयांना कालवण सोसत नाही, पित्त आहे," असं एकदा जाहीर करून टाकलं की कालवणाचाही प्रश्न मिटला. सहा वर्षं मालवणच्या प्रत्येक फेरीत हे नाटक बिनबोभाट चाललं. सतीशला आपल्या सासूचं जितकं कौतुक होतं, तितकं सख्ख्या आईचंही नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात अरुणाबाई गेल्या, आणि त्या दिवसापासून सुभाषरावांनी मासा तोंडात घातला नाही. सुतक संपलं, दुखवटा काढायला नातेवाईक डबे घेऊन येऊन गेले, वर्षश्राद्धही झालं. सुभाषराव आपले वरणभात खायचे. वर बायकोचे सगळे उपास त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले होते. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. नीना एकुलती एक. तिने धडपड करून त्यांचा व्हिसा काढला आणि दोन महिन्यांसाठी त्यांना मँचेस्टरला आणलं. त्यातले सात आठवडे वरणभातात गेले.

"सतीश, बाबा असेच परत गेले ना," नीना म्हणाली, "तर पुढच्या वर्षी मला परत इमर्जन्सी तिकीट काढावं लागेल. आईच्या वेळी काढलं तसं." हे ती भांडी विसळता विसळता, पाठमोरी राहून म्हणाली.

घरी प्रयत्न झाला नव्हता असं नाही. जूनमध्ये नीनाने बांगडे आणले, मिरचीत मुरवले, तव्यावर टाकले आणि चौथ्या मिनिटाला इमारतीचा स्मोक अलार्म वाजला. चार मजल्यांवरची माणसं, कुणी टॉवेलात, कुणी साबणाच्या फेसासकट, फुटपाथवर येऊन उभी राहिली. बंब आले, तेही दोन. त्या गर्दीत सुभाषराव कानटोपी घालून उभे होते आणि दोन बांगड्यांपायी चाललेला सरकारी खर्च पाहत होते. "पोरी, परत नको गे करू," एवढंच ते म्हणाले. पाठोपाठ लेटिंग एजंटचं पत्र आलं. त्यात 'सातत्यपूर्ण पाकवास' अशा अर्थाचा काहीतरी शब्द होता आणि भाडेकराराचं एक कलम होतं. घरचा मार्ग बंद झाला.

बोटीची कल्पना अतुलची. अतुल हा सतीशचा ऑफिसातला मित्र, नागपूरचा. समुद्र त्याने पहिल्यांदा विमानातून पाहिला होता, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्याचा सल्ला सदैव तयार असे. "अबे, तुझ्या सासऱ्यांना काय आवडते? पाणी, बोट आन् मासे. तिन्ही एका जागी भेटते. बुक करून टाक ना!"

मालवणहून नीनाच्या चंदाबाई आत्यांनी फोनवर पुस्ती जोडली. दुखवटा काढायचा तर रीतीने काढा. जावयाने बाजूला बसायचं, तेच अन्न खायचं आणि पहिला घास स्वतः घ्यायचा, मगच दुखवट्यातला माणूस खातो. "आणि जावई मासे खातत आवडीन, मगे काय प्रश्नच नाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सतीश बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसला.

बुकिंगचा फॉर्म तीन पानी होता. नाव, पत्ता, माशांची ॲलर्जी आहे का, पोहता येतं का आणि प्रत्येकाचं अंदाजे वजन, कारण जड माणसं एकाच बाजूला बसली की बोट कलते म्हणे. ॲलर्जीच्या चौकोनापाशी सतीशचं पेन पाच मिनिटं घुटमळलं. एक फुली मारली की सुटका होती. मग त्याने सासऱ्यांचं वजन लिहिलं, त्या आकड्याकडे पाहिलं आणि 'नाही'वर फुली मारली.

बोट शनिवारी, तीस जूनला ठरली होती. पण त्या जूनमध्ये इंग्लंडात पावसाने कहर केला, कालवे फुगले आणि कीथचं पत्र आलं की शनिवारची फेरी रद्द, तुम्हाला मंगळवारी तीन जुलैला जागा दिली आहे. गुरुवारी सुभाषरावांचं विमान. म्हणजे मंगळवार हाच शेवटचा डाव. सोमवार नाही, गुरुवार नाही, म्हणून सतीश खूशही झाला. ती खुशी रविवारी दुपारपर्यंत टिकली. रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमध्ये त्याने सुप्रभाकाकूंना सहज सांगितलं. सुप्रभाकाकू तीस वर्षं मँचेस्टरात होत्या आणि लँकेशायरच्या हद्दीतल्या सगळ्या तिथी त्यांच्या परवानगीने उगवत.

"मंगळवारी?" काकू किंचाळल्या. "अरे, मंगळवारी अंगारकी आहे! अंगारकीला मासे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

सतीश घरी धावला. सुभाषरावांच्या खोलीत मालवणहून आणलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्यावर तीन तारखेला लाल गोल होता. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. "तुमी आनंदान जेवा," ते म्हणाले. "मी बसतंय बाजूक. माका पाणी पुरे."

आता सतीशचा ऑफिसातला हुद्दा काहीही असो, वर्षभर तो एका बँकेच्या सिस्टिममध्ये देशोदेशीच्या तारखा जुळवण्याचंच काम करत होता. त्याने रात्री कागद घेतला. मालवणात चंद्रोदय दहाच्या सुमारास, म्हणजे इथले साडेपाच. साडेपाचला उपास सुटतो. पण अंगारकीचा उपास मोदकाने सोडून वर मासा खायचा, हे काही कुणाला पटलं नसतं. मंगळवार संपायला हवा. मालवणात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात असतात. आणि अंगारकी ज्यांची धरायची ते सुभाषराव मालवणचे! म्हणजे साडेसातला बुधवार.

"आपला दिवस बाराला नाही, सूर्योदयाला बदलतो," सुप्रभाकाकू फोनवर म्हणाल्या.

"काकू, मालवणचा सूर्योदय म्हणजे इथले रात्रीचे दीड. बोट नऊला परत येते हो."

"मग माझं नाव कुठे घेऊ नकोस," असं म्हणून काकूंनी धर्म मोकळा केला.

सुभाषरावांनी मात्र कागद नीट पाहिला. त्यांचं मनगटी घड्याळ दोन महिने मालवणच्याच वेळेवर चालत होतं. "बारा वाजल्यावर बघूया," ते म्हणाले. "पण बाराक पाच कमी असताना नाय." नकार नव्हता. वर्षभरात पहिल्यांदाच नकार नव्हता, आणि नीनाने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मंगळवारी साडेसहाला तिघं बोटीत शिरली. बोट हिरवी, बुटकी आणि आगगाडीच्या डब्यासारखी लांब होती. आत टेबलांवर पांढरी कापडं आणि शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी पन्नासाव्या वाढदिवसाला जमलेल्या आठ बायका. वाढायला शीला होती, नाव आपल्यातलं वाटलं तरी अगदी अस्सल इंग्रज, भारदस्त बाई. कीथने सुरक्षेचं भाषण केलं, वजनांचा कागद पाहिला आणि सतीशला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं. "तुम्ही फॉर्मवर लिहिलंय त्यापेक्षा जरा जास्त आहात, सर," तो म्हणाला. आठ बायकांनी माना वळवून खात्री करून घेतली.

बोट निघाली. काठाने एक म्हातारी कुत्र्याला फिरवत होती, ती त्यांच्या पुढे निघून गेली. सुभाषराव खिडकीतून पाहत म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आमची लाँच बांधून ठेवलेली असताना जास्त पळायची." पण ते हसले नाहीत.

खरी पंचाईत पुढे होती. छापील कार्डाप्रमाणे मुख्य जेवण सात वाजून दहा मिनिटांनी येणार होतं, आणि बुधवार लागत होता साडेसातला. सतीश उठून बोटीच्या शेपटाकडे, सुकाणू धरून उभ्या असलेल्या कीथकडे गेला.

"जेवण वीस मिनिटं उशिरा देता येईल का?"

"का, सर?"

"बुधवार लागायचाय."

कीथने कालव्याकडे पाहिलं. "सर, उद्या लागेल तो."

सतीश परत येऊन बसला. तोवर आधीची कोळंबी टेबलावर आली होती. "मीपण बाबांबरोबर साडेसातपर्यंत थांबतो," असं तो धोरणाने म्हणाला. सुभाषराव म्हणाले, "तुमी कित्याक थांबतास? तुमची अंगारकी नाय. खावा, खावा. आवडता तुमका." आणि ते त्याच्याकडे प्रेमाने पाहत राहिले! नीनाने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. त्यात सहानुभूती किती आणि धमकी किती हे कळायला मार्ग नव्हता. सतीशने एकेक कोळंबी काट्याने उचलली, तोंडाजवळ नेली, खोकला आल्यासारखं केलं आणि रुमालात सोडली. पाच वेळा खोकून झाल्यावर रुमाल कोटाच्या खिशात गेला. शेजारच्या टेबलावरून एका बाईने खोकल्याची गोळी पाठवली.

सात वाजता बोट लॉकमध्ये शिरली. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट एका दगडी हौदात येते, मागचं दार लागतं, हौद भरतो, बोट वर उचलली जाते आणि पुढचं दार उघडून ती वरच्या कालव्यात जाते. हौद भरला, बोटही वर आली. पण पुढचं दार हातभर उघडून थांबलं. पुराने आणलेली कसली तरी भलीमोठी फांदी दाराच्या मागे अडकून बसली होती.

सतीशला अगदी आनंदाचं भरतं आलं. देव आहे, आणि तो जलखात्यात नोकरीला आहे! बोट लॉकमध्ये असताना तेलाच्या कढया तापवायच्या नाहीत असा नियम होता, म्हणजे जेवण आपोआप लांबत होतं. सात दहा झाले, सात वीस झाले. साडेसातला सुभाषरावांनी मनगट वर केलं आणि म्हणाले, "बुधवार लागलो." नीनाने सतीशचा हात घट्ट धरला. बुधवार आला होता, सासरे तयार होते आणि टेबलावर पावाच्या तुकड्यांपलीकडे काहीही नव्हतं.

पावणेआठ झाले. सगळी संध्याकाळ उशिराची प्रार्थना केलेला सतीश आता घाईची प्रार्थना करू लागला. कीथने कालव्याच्या कचेरीत फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर त्याला सांगण्यात आलं की माणूस उद्या सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात केव्हाही येईल. आठ बायकांपैकी एकीने विचारलं, बोटीत झोपायची सोय आहे का? नीनाचा चेहरा पडला. सुभाषराव पुन्हा खिडकीकडे वळले होते. वर्षभर ते असेच वळत आले होते.

मग ते एकदम उठले. पुढच्या टोकाशी गेले, वाकून दाराकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि सतीशला म्हणाले, "तेका सांगा, आकडी दी म्हणान. ही ओढूची नाय. आधी खाली दाबूची, मगे फिरवूची."

सतीशने भाषांतर केलं. कीथ म्हणाला, पाहुण्यांना लॉकवर काम करू देता येत नाही, विमा आहे. मग तो थंड पडलेल्या आपल्या स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाला, स्वयंसेवक म्हणून करू देता येतं, त्याचा फॉर्म आहे. सुभाषरावांनी फॉर्मवर मराठीत दणदणीत सही केली. नियमाप्रमाणे दोघांना चकचकीत पिवळी जाकिटं घालायची होती. त्यासाठी सतीशने कोट काढून झटकला आणि खिशातला रुमाल उलगडून पाचही कोळंब्या लॉकच्या दगडावर ओळीने पडल्या. सतीशने सुभाषरावांकडे पाहिलं. त्यांनी कोळंब्यांकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं आणि "पाऊस येतलो," म्हणाले. एका बदकाने पुरावा नष्ट केला.

टोकाला हूक असलेली ती लांब आकडी घेऊन सुभाषराव दगडावर गुडघे टेकून बसले. फांदी दाबली, फिरवली, पुन्हा दाबली आणि ती एखाद्या म्हशीसारखी सावकाश बाजूला झाली. मग दाराची ती लांब लाकडी तुळई ढकलायची होती. सतीश दोन्ही हात लावून भिडला. "हातान नको! पाठीन!" सुभाषराव ओरडले. काय आवाज होता! सात आठवडे घरात 'माका नको'पलीकडे न गेलेला तो आवाज पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यांनी माना वर करून ऐकला. सासरे-जावई पाठ लावून रेटू लागले. सतीशचा बूट चिखलात सटकला, तो सपशेल बुडावर बसला आणि घसरत तुळईखालून पलीकडे निघाला. आठ बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण दार उघडत होतं.

बोट बाहेर पडली. कीथने न बोलता सुकाणू सुभाषरावांच्या हातात दिलं, यावेळी फॉर्मशिवाय. पुढची दहा मिनिटं ते ताठ उभे होते. भिजलेल्या पँटनिशी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या सतीशच्या कानात नीना म्हणाली, "आता खातील बघ. आता नक्की खातील!"

शीलाने घंटा वाजवली. सुभाषराव हात धुऊन आले, बसले. त्यांच्यासमोर अख्खा भाजलेला मासा आला, डोक्यासकट, वर लिंबाची फोड. त्यांनी कल्ला बोटाने उचलून पाहिला, ताजेपणाबद्दल मान डोलावली. काटा-सुरी बाजूला ठेवून उजवा हात पुढे नेला. आणि तो हात माशाच्या पाठीवर तसाच राहिला. मग तो हळूच मागे आला आणि मांडीवर जाऊन बसला.

"माका नको गे," ते म्हणाले.

नीनाने ताटाची कड धरली. पहिला घास जावयाने घ्यायचा राहिलाय, म्हणून असेल का? सतीशला दरदरून घाम फुटला. आपलं ताट कुठे आहे? आणि त्याच क्षणी शीला पुन्हा आली, हातातली बशी उंच धरून सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आणि हा खोटा मासा कुणाचा?"

खरपूस तांबूस रंगाचा, माशाच्या आकाराचा, वर ऑलिव्हचा डोळासुद्धा लावलेला तो बटाटा होता. कीथने मनापासून काम केलं होतं. सतीशला वाटलं, बोट बुडावी. कालवा चार फूटच खोल असतो हे कीथने भाषणात सांगितलं होतं, त्यामुळे तीही सोय नव्हती.

"ता जावयांचा," सुभाषराव मान वर न करता म्हणाले आणि बोटाने जागा दाखवली. इतकं इंग्रजी त्यांना येत होतं.

"बाबा, मी..." सतीश म्हणाला.

"सहा वर्षां सुरण बाजारातसून कोण हाडी होतो?" सुभाषराव म्हणाले. "मीच मरे. ती सांगायची, भाव करीत बसू नका, चांगलो बघून हाडा, जावयांसाठी आसा."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"इतक्या हौशेन फसवायची ती माका. तिका मजा येय. कित्याक बोलू?"

सतीशची सहा वर्षांची भीती क्षणात गेली. त्याला सासूबाईंची फार आठवण झाली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणूनच असेल, जे विचारायचं धाडस नीनालाही वर्षभर झालं नव्हतं ते त्याने सरळ विचारलं. "बाबा, तुम्ही मासे का खात नाही?"

सुभाषरावांनी माशावरची लिंबाची फोड उचलली आणि परत ठेवली.

"भूक लागता," ते म्हणाले. "लागत नाय असा नाय. पण तिका काट्याची भीती. दर्यावरल्या माणसाची पोर, पण लहानपणी घशात काटो अडाकलो तो कायमचो. लोक हसायचे तिका. मगे लग्न झाल्यापासून मीच काढून देय. आधी तिच्या ताटात, मगे माझ्या. चाळीस वर्षां." ते थांबले. "आता मासो समोर इलो की हात आपसूक काटे काढूक लागता. आणि काढून झालो तुकडो, की ठेवू खंय?"

नीनाने तोंडावर हात घेतला. हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आईच्या ताटात नेहमी काटे काढलेलाच मासा पाहिला होता आणि तिला वाटायचं, आईला तसाच आवडतो.

आठ बायकांचं गाणं चाललं होतं. सतीशने ऑलिव्हचा डोळा असलेला बटाटा उचलून बाजूला ठेवला. आपण काय करतोय याचा विचार केला असता तर त्याने ते केलं नसतं, म्हणून त्याने विचार केला नाही. त्याने आपली रिकामी बशी टेबलाच्या मधोमध, माशाच्या शेजारी सरकवली.

"इथे ठेवा," तो म्हणाला.

"तुमी नको हो," सुभाषराव म्हणाले. "जबरदस्ती नाय. तुमच्यात चालत नाय ता."

"मलापण काट्याची भीतीच वाटते, बाबा. तुम्ही काढून द्या."

सुभाषराव त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात मांडीवरून उठला. त्यांनी माशाची पाठ बोटांनी उकलली, मधला कणा अलगद वर उचलला, कडेचे बारीक काटे एकेक करून काढून बशीच्या काठाला लावले. घाई नव्हती. एक पांढरा तुकडा त्यांनी दोन बोटांत चाचपून पाहिला, उलटून पाहिला आणि सतीशच्या बशीत ठेवला.

"खावा. काटो नाय."

गोगट्यांच्या किती पिढ्या वरून बघत होत्या कोण जाणे. सतीशने डोळे मिटले, तुकडा तोंडात टाकला, चावला आणि अर्ध्या ग्लास पाण्याबरोबर गिळला. चव काय होती हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. डोळे उघडले तेव्हा सुभाषराव त्याच्या तोंडाकडे अगदी काळजीने पाहत होते.

"गेला," सतीश म्हणाला.

तेव्हा कुठे सुभाषरावांनी दुसरा तुकडा सोडवला, जरा वेळ हातात धरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. ते चावत राहिले. "मीठ नाय, मिरची नाय, काय नाय," ते म्हणाले आणि आणखी एक तुकडा खाल्ला. नीना खिडकीकडे वळून रडत होती, तिला कुणी थांबवलं नाही.

मग सुभाषरावांचा हात पुन्हा माशाकडे गेला, काटे निघाले आणि एक मोठा पांढरा तुकडा सतीशच्या बशीत येऊन पडला. सतीशने त्या तुकड्याकडे पाहिलं, मग माशाकडे पाहिलं. मासा चांगला दोन वीत लांब होता.